खुन्याचं नाव पेन्सिलीने

वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेत खुनी कोण, हे कळायला शेवटच्या पानापर्यंत जावं लागत नाही. आपल्याआधी ती वाचलेला कोणीतरी परोपकारी माणूस पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतो: ‘खुनी - मेहुणा.’ ही माणसं घरी कशी वागतात, त्यांना मित्र असतात का, आणि असले तर ते का असतात, हे मला आजवर कळलेलं नाही. मी स्वतः वाचनालयाचं कुठलंही पुस्तक उघडताना पहिल्या पानावर तळहात ठेवून, मान तिरकी करून उघडतो. आमच्या घरी याला माझी ‘पोहण्याची पोझ’ म्हणतात. म्हणोत बापडे.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. खोटी बिलं, खोट्या सह्या, खोटे अपघात माझ्या नजरेतून सुटत नाहीत, असं माझे साहेब म्हणायचे. साहेब निवृत्त झाल्यापासून हे मीच म्हणतो. सांगायचा मुद्दा हा, की पुढे जे घडलं ते एखाद्या बावळट माणसाच्या हातून घडलेलं नाही.

झालं असं, की बायकोच्या शब्दकोशाची पाठ उसवली. ती शाळेत गणित शिकवते, तिला शब्दकोश कशाला लागतो हा प्रश्न मी विचारला नाही, कारण उत्तर मला माहीत आहे: माझ्याशी वाद घालायला. “बाइंडरकडे टाका,” ती म्हणाली. आता जे काम मनुष्य स्वतः शिकून करू शकतो ते दुसऱ्याकडे टाकायचं, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. मी वाचनालयात गेलो आणि ‘ग्रंथव्यवहार व पुस्तकबांधणी’ अशी पाटी असलेल्या कपाटातून ‘कातडी बांधणी’ नावाचं पुस्तक घेऊन आलो.

पहिल्या प्रकरणात दाबयंत्रात एक माणूस सापडला. मेलेला.

मी पुन्हा मुखपृष्ठ पाहिलं. लेखकाच्या जागी फक्त ‘एक ग्राहक’ असं छापलेलं. पुस्तकबांधणीच्या पुस्तकात हे उदाहरण जरा टोकाचं वाटलं, पण विषय मनोरंजक करून सांगण्याची काही लेखकांची पद्धत असते. दुसऱ्या प्रकरणात कसरकाका आले आणि माझा निरुपाय झाला. कसरकाका म्हणजे जुन्या, दुर्मिळ पुस्तकांचे एक व्यापारी. जुन्या कागदात कसर शिरते तसे ते कोणत्याही प्रकरणात शिरतात म्हणून हे नाव. पुस्तक नाकाला लावून ते कोणाच्या घरात किती वर्षं होतं ते सांगतात, आणि शिलाईच्या दोऱ्यावरून खुनी ओळखतात. जेवण झालं, ताटं उचलली गेली, बायको झोपायला गेली तरी मी वाचतोच आहे. शब्दकोश उताणा पडून होता.

त्याच कपाटात त्याच लेखकाची आणखी तीन पुस्तकं मिळाली: ‘पहिल्या आवृत्तीची किंमत’, ‘लिलावाचे नियम’ आणि ‘दुर्मिळ ग्रंथांची निगा’. या शेवटच्यात निगा राखणारे एकामागून एक मरतात. सगळा घोटाळा माझ्या ध्यानात आला. कधीतरी कोणीतरी नुसती नावं वाचून या फक्कड कादंबऱ्या बांधणी आणि गोंदाच्या कपाटात ढकलून दिल्या होत्या. तिथे खुनाच्या गोष्टी शोधायला कोण जाणार? आणि गोंद शोधायला गेलेला माणूस दाबयंत्रातलं प्रेत पाहून पुस्तक निमूटपणे परत ठेवत असणार. एक अख्खा लेखक असा विसरला गेला होता, आणि त्याचा शोध मी लावला होता.

हे मी ग्रंथपालबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं आत्ताच वाचलंत. ते कपाट रद्दीत चाललंय.”

“रद्दीत?”

“अध्यक्षांना तिथे सोफा ठेवायचाय. सभासदांच्या विश्रांतीसाठी.”

“मग ही चार तेवढी कादंबऱ्यांत हलवा.”

“तसं हलवता येत नाही. एका विभागातून बाद झाल्याशिवाय दुसऱ्यात दाखल होत नाही.”

“मग बाद करा.”

“बाद झालं की रद्दीत जातं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर यत्किंचितही दुःख नव्हतं. मी अध्यक्षांना गाठलं. अध्यक्ष हा माणूस पुस्तकाला फक्त उशी म्हणून ओळखतो, हे माझं वैयक्तिक मत आहे आणि मी ते त्यांना त्याच बैठकीत ऐकवलं. त्यानंतर वातावरण जरा तापलं. शेवटी असं ठरलं, की मी या कादंबऱ्यांवर जाहीर व्याख्यान द्यावं, प्रदर्शनही मांडावं, आणि त्याच संध्याकाळी सभासदांनी ती पुस्तकं मागितली तर कपाट राहील. नाही मागितली तर सोफा, आणि वर मी अध्यक्षांची लेखी माफी मागायची. माफीचा मसुदा त्यांनी तिथेच सांगायला सुरुवात केली.

“कशाला गेलात त्यांच्या तोंडी लागायला?” बायको म्हणाली. “आणि माझा शब्दकोश?”

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळी इमारत ‘सर्वज्ञ’ म्हणते. त्यांनी आयुष्यभर काय नोकरी केली ते कोणालाच ठाऊक नाही, पण ती सोडून बाकी सगळ्यातलं त्यांना कळतं. ते चारही पुस्तकं हातात घेऊन म्हणाले, “प्रदर्शनात ही असली कळकट मांडणार? पाहुणे यायच्या आधी माणूस घर झाडतो की नाही?”

हे मला पटलं, कारण कसरकाकांचंही हेच मत होतं. ‘पहिल्या आवृत्तीची किंमत’मध्ये त्यांनी अगदी सविस्तर सांगितलं आहे: मऊ रबर घ्यावं, मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवावं, पेन्सिलीची प्रत्येक खूण नाहीशी करावी, मग प्रत खरी खुलते. या चारही प्रतींच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने बरंच काही गिरमिटलेलं होतं. ‘खुनी’ एवढा शब्द डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला आणि मी चवताळलो. इथेही आलेच का ते परोपकारी! दोन पुस्तकं माझी वाचायची राहिली होती, म्हणून मी नजर खिडकीकडे ठेवून, नुसत्या हाताच्या अंदाजाने चारही पानं साफ केली. अशी साफ केली, की ग्रंथपालबाईसुद्धा म्हणाल्या, “नवी आणलीत की काय?” मग उरलेली दोन सुखाने वाचून काढली. आयुष्यात पहिल्यांदाच मी रहस्यकथा मान सरळ ठेवून वाचत होतो.

इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं. मग माझी दाढ ठणकायला लागली.

दातांच्या डॉक्टरीणबाई आमच्या चौकातच बसतात. वयस्कर, मोजकं बोलणाऱ्या, हात हलका. मी खुर्चीत आडवा झालो तेव्हा मांडीवर ‘लिलावाचे नियम’ होतं, कारण व्याख्यानाची तयारी मी कुठेही करत असे. त्यांनी इंजेक्शन दिलं, माझा गाल लाकूड झाला, तोंडात कापूस कोंबला गेला, आणि मग त्यांची नजर पुस्तकावर गेली.

“हे कुठे मिळालं तुम्हाला?” त्यांचा आवाज एकदम निराळा झाला. “हे माझ्या बाबांचं पुस्तक आहे.”

मी “आँ!” म्हणालो.

“एक ग्राहक म्हणजे माझे बाबा. घरात कोणाला पत्ता नव्हता, एका मला सोडून. आजीला असलं लिहिणं खपलं नसतं. पुस्तक छापून आलं आणि वाचनालयात दाखल झालं, की बाबा मला घेऊन तिथे जायचे. मी कपाटाशी पहारा द्यायचे आणि ते पेन्सिलीने पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहायचे. स्वतःच्या हाताने!” त्या हसल्या. यंत्र माझ्या दाढेत फिरत होतं. “नंतर घरात पाणी शिरलं, कागद म्हणून एक राहिला नाही. बाबांच्या अक्षराची एक ओळ नाही माझ्याकडे. मला वाटलं होतं ही पुस्तकं केव्हाच गेली असतील. बाबांचं ते पेन्सिलीतलं आहे ना हो अजून त्यात?”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी “आँ” म्हणालो. या “आँ”चा अर्थ ‘बाई, घात झाला, ते मी माझ्या या हातांनी पुसलं’ असा होता. त्यांनी तो ‘हो’ असा घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“चौकातल्या फलकावरचं ते खुनाचं व्याख्यान यावरच आहे ना? मी येते,” त्या म्हणाल्या. “चूळ भरा.”

चूळ भरून मी बोलायचा प्रयत्न केला, पण अर्ध्या जिभेने माणूस खोडरबर हा शब्द उच्चारू शकत नाही, करून पाहा. तेवढ्यात पुढचा रुग्ण कण्हत आत आला आणि मी बाहेर आलो. घरी गेल्यावर बायको म्हणाली, “फोन करून खरं काय ते सांगून टाका.” मी फोन लावला. तिथल्या मदतनीस मुलीने विचारलं, “सूज आहे का?” मी म्हटलं नाही. “रक्त येतंय का?” नाही. “मग पुढच्या वेळी बोला,” असं म्हणून तिने ठेवून दिला. मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. ज्या बाईने आपल्या वडिलांचं अक्षर पाहायला मिळणार म्हणून डोळ्यांत पाणी आणलं तिला हे फोनवर सांगणं मला जमलं नसतं, आणि समोर तर मुळीच नसतं.

सर्वज्ञांनी तोडगा काढला. “पुसलं तर परत लिहा. हाय काय अन् नाय काय!”

“अहो, पण अक्षर कसं होतं ते मी पाहिलेलंच नाही.”

“तिने तरी इतक्या वर्षांत कुठे पाहिलंय? लेखकाचं अक्षर वाईट असतं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. तुमचं आयतंच आहे.”

मी चिडलो नाही, कारण योजना निर्दोष होती. खोटी कागदपत्रं पकडण्यात माझी हयात गेलेली. बनावट करणारे कुठे चुकतात हे माझ्याइतकं कोणाला माहीत? ते घाईत असतात, शाई ताजी वापरतात, आणि तपशिलात चुकतात. मी मऊ पेन्सिल घेतली. डाव्या हाताने लिहिलं. वरून बोटाने हलकं पुसून जुनाट केलं. राहता राहिला तपशील. तर आता चारही कादंबऱ्या माझ्या वाचून झालेल्या होत्या, खुनी कोण याबद्दल माझ्याएवढा अधिकारी माणूस पंचक्रोशीत नव्हता. ‘कातडी बांधणी’वर लिहिलं: ‘खुनी - सरेस विकणारा.’ ‘लिलावाचे नियम’वर: ‘खुनी - हातोडा मारणारा.’ अशी चारही. बायको शाळेतून आली तेव्हा मी हात धूत होतो.

“आपल्याच कादंबरीत लेखक खुन्याचं नाव कशाला लिहील?” तिने विचारलं.

“लेखक लोक विक्षिप्त असतात,” मी म्हणालो.

“गणितात असं उत्तर दिलं तर मी शून्य देते,” ती म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. इथे लक्ष दिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण नवऱ्यांचा स्वभाव तसा नसतो.

व्याख्यानाला सभागृह भरलं. जाहिरातीच्या फलकावर ‘खून’ हा शब्द मी मुद्दाम मोठा काढून घेतला होता. अध्यक्ष पहिल्या रांगेत, खिशात माफीचा मसुदा. मी बोललो, आणि उत्तम बोललो, हे मी नम्रपणे सांगतो. कसरकाका पुस्तक हुंगतात तो प्रसंग करून दाखवला तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. मग मी जाहीर केलं, की या विस्मृत लेखकाची कन्या आज आपल्यामध्ये आहे, आणि वडिलांचं हस्ताक्षर ती कित्येक वर्षांनी पाहणार आहे. सभागृह हळहळलं. डॉक्टरीणबाई मंचावर आल्या. चष्मा पुसला. ‘लिलावाचे नियम’ उघडलं.

त्यांनी पहिल्या पानावरची ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, “हे बाबांनी लिहिलेलं नाही.”

“अक्षर पुसट झालंय,” मी म्हणालो. “काळाचा परिणाम.”

“अक्षराचं नंतर बघू. इथे लिहिलंय, खुनी हातोडा मारणारा.”

“बरोबर.”

“आणि खुनी हातोडा मारणाराच आहे!”

सभागृहातून “अरेरे!” असा सामुदायिक आवाज उठला. मागून एक आजोबा ओरडले, “आता काय वाचायचं डोंबल?” पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

“बाबांनी कधीच खऱ्या खुन्याचं नाव लिहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “लोक पहिल्या पानावर खरा खुनी लिहून ठेवायचे, बाबांना ते सहन व्हायचं नाही. म्हणून ते सगळ्यांच्या आधी जाऊन खोटं नाव लिहायचे. कधी विधवा, कधी पोस्टमन. कोणी खरं लिहिलंच, तर त्याखाली ‘फसू नका’ असं लिहून यायचे. वाचणारा शेवटपर्यंत भलत्याच माणसावर डोळा ठेवून बसला पाहिजे, म्हणायचे. हे कोणी लिहिलं?”

मी आजवर शेकडो लोकांना खोटं लिहिलं म्हणून पकडलं आहे. खरं लिहिलं म्हणून पकडला गेलेला माझ्या माहितीतला मीच पहिला. अध्यक्षांचा हात खिशाकडे गेला. सर्वज्ञ दाराकडे सरकत होते. पळवाट म्हणून मला दोन-तीन वाक्यं सुचली, चांगली होती, पण त्या बाई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या त्या नजरेला ती सांगता येईनात.

“मी लिहिलं,” मी म्हणालो. “मूळचं मी पुसलं. कोणीतरी आगाऊ वाचकाने लिहिलंय असं वाटलं. मला फार वाईट वाटतंय.”

“चारही?”

“चारही.”

“नीट पुसलंत?”

“अगदी. मऊ रबराने. मधून कडेकडे, हलक्या हाताने.”

त्या थबकल्या. “हे कसरकाकांचं आहे.”

“हो. ‘पहिल्या आवृत्तीची किंमत’मधलं.”

“म्हणजे तुम्हाला पुसायला बाबांनीच शिकवलं,” त्या म्हणाल्या, आणि मंचावरच्या खुर्चीत बसून रडायला लागल्या. मग कधीतरी ते रडणं हसण्यात गेलं. सभागृहात कोणाला काय करावं ते कळेना. आमची बायको उठली, तिने बाईंना पाणी नेऊन दिलं आणि जाता जाता माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो तपशील इथे देत नाही.

पाणी पिऊन बाईंनी डोळे कोरडे केले. “ते रबर आहे का तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं. होतं. “आणि पेन्सिल?” तीही होती. त्यांनी मंचावर बसून माझी चारही नावं पुसली. मग पुस्तकावर आडवा हात धरून, कोणाला दिसू नये अशा बेताने, चारही पहिल्या पानांवर काहीतरी लिहिलं. “माझं अक्षर बाबांसारखं आहे, असं आई म्हणायची,” त्या म्हणाल्या. “बाबांचं गेलं ते गेलं. त्यांचा उद्योग तरी चालू राहू दे.”

“काय लिहिलंत?” मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

“वाचा आणि बघा,” बाई म्हणाल्या. “खरं नाहीये, एवढं सांगते.”

आणि लोक उठले. ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी अशी रेटारेटी झाली, की त्यांना आयुष्यात पहिल्यांदा “रांगेत या” म्हणायची वेळ आली. ‘आता काय वाचायचं’ म्हणणारे आजोबा सगळ्यात पुढे होते. अध्यक्षांनी मसुदा खिशातच ठेवला आणि सोफ्यासाठी जिन्याखालची जागा पाहायला निघून गेले. जाताना डॉक्टरीणबाई माझ्यापाशी थांबल्या. मी खाली पाहत होतो.

“मंगळवारी या,” त्या म्हणाल्या. “दाढ अर्धीच झालीये.”

मी गेलो. मला वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. त्यांनी पूर्ण वेळ बाबांच्या गोष्टी सांगितल्या, आणि मी प्रत्येक गोष्टीला “आँ” म्हणालो.

पुस्तकं त्यानंतर कपाटात टिकेनात. माझं नाव इतरांसारखंच प्रतीक्षायादीत. मी शोध लावला आहे, हे ग्रंथपालबाईंना मी दोनदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “रांगेत या.” अखेर एकदाचं ‘कातडी बांधणी’ हातात पडलं. मी सवयीने तळहात ठेवला, मान तिरकी केली, मग स्वतःशीच ओशाळून हात काढला. वर डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘खुनी - व्याख्यान देणारे गृहस्थ.’

खाली वाचकांची गर्दी उसळलेली. एकाने लिहिलं होतं, ‘असं कोणी पुस्तकात नाही, फसू नका.’ दुसऱ्याने, ‘शेवटपर्यंत वाट पाहिली, आलेच नाहीत.’ त्याखाली ठसठशीत, वळणदार, फळ्यावर लिहून लिहून तयार झालेल्या अक्षरात: ‘तेच आहेत. मी त्यांच्या घरात राहते. शब्दकोश अजून तसाच आहे.’

मी तिथेच उभ्याउभ्या ग्रंथपालबाईंकडून पेन्सिल मागून घेतली आणि त्या ओळीखाली, यावेळी उजव्या हाताने, माझी पूर्ण सही केली.